बीएस्सीचा आंगठा

बाई, तुझी चौकट काळी पडली.

जलदान विधी झाला, पाहुणे आपापल्या गावी गेले आणि काल मी नागपूरजवळ वाडीला तुझ्या शेडवर आले. कुलूप तुझ्या प्रकाशनं काढून दिलं, पण आत यायला त्याचं मन होईना. तो समोरच्या गोदामाच्या ओट्यावर बसून राहिला. मी एकटीच आत गेले. धातू चमकवायचं बफाचं चाक, चुन्याची थाळी, कॉस्टिकचा डबा, तेजाबाची बरणी आणि मधोमध तुझा निकेलचा हौद, हिरव्या पाण्याचा. सगळं जिथल्या तिथं. मोरीजवळ घमेल्यात पाणी होतं आणि त्या पाण्यात तांब्याच्या तारेला अडकवलेली एक पितळेची चौकट. रेडिओच्या काचेभोवती बसते ना, तसली. तू ती घासलीस, पाण्यात सोडलीस आणि "जरा आंग टाकते" म्हणून बाजेवर गेलीस. पुढचं सगळ्यांना माहीत आहे, ते मी लिहीत नाही.

घासलेलं पितळ असं पडून राहिलं की काळवंडतं. मला आधी वाटलं, कुणा गिऱ्हाइकाचं काम अर्धवट राहिलं. मग सहज भिंतीकडे बघितलं. खिळा रिकामा होता.

बाई, तू माझा आंगठा काढलास?

तुला सगळं ठाऊक आहे, पण हे छापून येणार आहे, तेव्हा वाचणाऱ्यांसाठी पहिल्यापासून सांगते. तुझी हरकत नसेल. शेडमध्ये नवं माणूस आलं की तूही ही गोष्ट पहिल्यापासूनच सांगायचीस, आणि दर वेळी त्यात मला थोडी अधिक मूर्ख करायचीस.

मी बीएस्सी झाले. आमच्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, मुलगे धरून पहिली. हे मी मिरवते. का नको मिरवू? तू तर माझ्यापेक्षा जास्त मिरवलंस. सायकलचं हँडल घेऊन आलेल्या माणसाला काय करायचं होतं माझ्या रिझल्टचं? पण तू त्याला हँडल द्यायच्या आधी सांगायचीस, "माही लहान बहीण बीएस्सी हाय. केमिस्ट्रीत." केमिस्ट्री हा शब्द तू असा उच्चारायचीस की जणू ती आपल्याच मोहल्ल्यातली कुणी पोरगी आहे.

आणि तुझी शाळा दुसरीत सुटली, कारण मी जन्मले. माय कामावर जायची, मला सांभाळायला कुणीतरी लागत होतं. हे तू मला कधी ऐकवलं नाहीस. भांडणातसुद्धा नाही, आणि आपण काही कमी भांडलो नाही. कॉलेजात मैत्रिणी विचारायच्या, सख्ख्या बहिणीला बाई काय म्हणतेस, ती काय मास्तरीण आहे? मी म्हणायचे, आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाईच म्हणतात. आणि हो, मास्तरीणच आहे, फक्त वर्गात मी एकटी आहे.

शेड मुळात भाऊजींची. ट्रकच्या दिव्यांचे गोल, सायकलची हँडलं, नळाच्या तोट्या, यांना ते निकेल चढवायचे. ते खोकल्यानं बसले, मग गेले, आणि तू पदर खोचून हौदापाशी उभी राहिलीस. आजूबाजूचे ट्रान्सपोर्टवाले म्हणाले, बाईमाणसानं तेजाबाशी खेळू नये. तू म्हणालीस, "चुलीपाशी पदर पेटते तवा तुमी कोणी बोलत नाही. इथं काहून बोलून राहिले?" 

रेडिओचं काम आणलं विनायकरावांनी. नागपूरच्या महाल भागात त्यांचं दुरुस्तीचं दुकान, गल्लीच्या तोंडाशी, एवढंसं. ट्रान्झिस्टर आल्यावर लोकांनी जुने लाकडी व्हॉल्व्हचे रेडिओ अडगळीत टाकले होते. मग काही वर्षांनी कुणाला वडिलांचा सेट आठवायचा, कुणाला आजोबांचा, आणि तो विनायकरावांकडे यायचा. आतलं ते बघायचे, लाकूड पॉलिशवाला बघायचा. पण काचेभोवतीची चौकट, बटणांच्या कड्या, जाळीवरच्या पट्ट्या, हे सगळं गंजलेलं, हिरवं पडलेलं. मोठे प्लेटिंगवाले असल्या चिल्लर कामाला हात लावत नसत. तू लावलास. म्हणालीस, "ट्रकचा गोल रस्त्यावर धूळ खाते. हे तं लोकाइच्या बैठकीत बसन. लोक ऐकता ऐकता पाहतीन."

आपल्याकडे या कामाला पाणी चढवणं म्हणतात. सोन्याचं पाणी, निकेलचं पाणी. विनायकराव पहिल्यांदा आपल्या स्वतःच्या घरचा सेट घेऊन आले, त्यांच्या आईचा. म्हातारी सोवळ्यातली, सकाळी आंघोळ करून त्याच रेडिओवर भजनं ऐकायची. तू चौकट चमकवून त्यांच्या हातात दिलीस आणि तोंड अगदी साधं करून म्हणालीस, "विनायकराव, तुमच्या आईच्या रेडिओले माह्या हातचं पाणी चढलं. तिले सांगजा बरं. नाही तं बाटन बिचारी."

मला लाजेनं जमिनीत जावंसं वाटलं. विनायकरावांचे कान लाल झाले. मग ते इतके हसले की त्यांना स्टुलावर बसावं लागलं. म्हणाले, "बाई, आई काल विचारत होती, तुझ्या त्या कारागिराला चहा तरी पाजतोस का. मी म्हटलं, तीच मला पाजते." तू म्हणालीस, "मंग आज पण पिऊन जा. गेलेली जात काही वापस येत नाही."

तेव्हापासून ते आपलेच झाले.

तर, मी पास झाले तेव्हा तू मला रेडिओ द्यायचं ठरवलंस. विनायकरावांनी एक सेट तुझ्यासाठी राखून ठेवला होता. मोठा, शिसवी रंगाचा, स्टेशन नीट लागलं की हिरवा डोळा मिटणारा. फक्त चौकटीवर पाणी चढवायचं बाकी होतं. मी निकालाच्या आनंदात शेडवर आले, नवं पातळ, तेल लावून घट्ट घातलेली वेणी. तू चौकट चुन्यानं घासत होतीस आणि मी तुला इलेक्ट्रोलिसिस समजावून सांगत होते. आयन कसे जातात, कुठून कुठे जातात. तू "हो का?" "बाप्पा!" "मंग?" असं म्हणत होतीस, आणि मला वाटत होतं, काय मन लावून ऐकते आहे.

तू चौकट धुतलीस आणि उजेडाकडे धरलीस. तुझी ती पारख मी अजून वर्गात मुलींना सांगते. धातूवरून पाणी एकसंध पसरून उतरलं तर तो साफ. कुठे थेंब-थेंब होऊन फाटलं, तर तिथे तेलकट आहे. तू म्हणायचीस, "पाणी फाटलं नाही पाह्यजे." त्या दिवशी पाणी फाटलं नाही. आता तिला तारेनं धरून तेजाबात बुडवायचं आणि हौदात सोडायचं, एवढंच.

मी म्हटलं, "बघू," आणि चौकट हातात घेतली.

"शिवू नको!"

बाई, तो शब्द मला कुठे लागला ते तुला सांगायला नको. छप्पनला बा मला खांद्यावर आणि तुला हाताला धरून दीक्षेला घेऊन गेला, पांढऱ्या लुगड्यात माय, आणि परत येताना तो म्हणाला होता, आजपासून हा शब्द आपल्या घरात नाही, ऐकायचाही नाही आणि बोलायचाही नाही. मी लहान होते, पण एवढं मला लख्ख आठवतं. आणि माझ्या पदवीच्या दिवशी माझी बहीण मला म्हणते, शिवू नको. मी चौकट सोडली नाही. आणखी घट्ट धरली. आंगठा रोवून धरली. म्हटलं, "शिवते! काय होते ते पाहू!"

 तारेनं चौकट घेतलीस, तेजाबात बुडवलीस, हौदात सोडलीस. परत घासली असती तर डाग निघाला असता, पण तू परत घासली नाहीस. मला वाटलं, गप्प झाली म्हणजे मी जिंकले. चौकट निघाली ती अशी चमकत की मी तुला म्हटलं, बघ, काही झालं नाही. तू म्हणालीस, "फडक्यानं पूस."

मी पुसलं आणि एका कोपऱ्यावरून निकेल पापुद्र्यासारखं उचललं गेलं. नेमकं अंड्याच्या आकाराचं. माझ्या केसांचं तेल, माझा आंगठा.

मग तू हसलीस. बाजेवर पडून, पोट धरून हसलीस. "बाप्पा बाप्पा! आमच्या घरात आंगठाछाप मी होती, आता बीएस्सीवालीनं आंगठा देला!"

आणि ती चौकट तू खिळ्याला टांगलीस. रेडिओ मला दिलास, चौकटीशिवाय. एवढा देखणा सेट, पण काचेची कड उघडी, चिकटपट्टीनं धरलेली. इतकी वर्षं माझ्या घरात तो तसाच वाजला. आलेलं माणूस विचारायचंच, याची चौकट कुठे गेली? मी सांगायचे, ती वाडीला नोकरीला आहे. खरंच होतं ते. तुझ्या शेडमध्ये कुणीही नवा माणूस कामाला लागला, कुणी गिऱ्हाईक फार जवळ आलं, की तू खिळ्याकडे बोट दाखवायचीस. "तो पाहा, बीएस्सीचा आंगठा. माहीत हाय ना मंग काय होते?"

मी म्हणायचे, काढ तो. पुन्हा पाणी चढव आणि दे मला. मास्तरीण आहे मी, गावभर माझा आंगठा दाखवतेस. तू ऐकत नव्हतीस. आणि मी तुला म्हणायचे, तो शब्द सोड. तेही तू ऐकत नव्हतीस.

हे आपलं खरं भांडण. तू हौदापाशी उभी राहून, येईल त्याला, वाण्याला, वकिलाला, बामणाला, पोलिसाला, सगळ्यांना ओरडायचीस, "शिवू नका!" एकदा एक सफारी सूटवाला आला, आपल्या सेटच्या कड्या बघायला. ओळीनं टांगलेल्या ओल्या कड्यांकडे त्यानं हात नेला आणि तू अशी गरजलीस की त्यानं हात थेट खिशात घातला. काम होईपर्यंत बाहेर काढला नाही. तो गेल्यावर तुझा चेहरा मी पाहिला होता. लग्नातही तू एवढी खूश नव्हतीस.

मी म्हटलं, "बाई, हात लावू नका म्हण. तेच काम होतं."

"म्हणून पाह्यलं," तू म्हणालीस. "हात लावू नका म्हटलं तं एक बोट लावून पाहतेत. बोट लावू नका म्हटलं तं नख लावतेत. आन् शिवू नका म्हटलं का झटक्यानं हात मांगं. लोकाइले तो शब्द म्हणाची सवय हाय वं, ऐकाची नाही. म्हून दचकतेत."

"पण तो शब्द आपण जाळला. बानं सांगितलं होतं."

"जाळला ना? मंग राख तं माही हाय. मी तिनं भांडे घासीन नाही तं पितळ घासीन."

मला ते पटलं नव्हतं. आजही पटलेलं नाही, तू गेलीस म्हणून मी पटवून घेणार नाही. मी म्हणाले होते, तुला मजा वाटते, पण शब्द मजेचा नाही. तू दुसऱ्याला दचकवतेस, पण बोलताना तुझ्याच जिभेवर तो असतो. तेव्हा तू पहिल्यांदा ते तेलाचं सांगितलंस. इतक्या वर्षांत कधी बोलली नव्हतीस. गावी असताना तू तेलाची बाटली घेऊन दुकानी जायचीस, दुकानदार हात वर करून उंचावरून धार सोडायचा, म्हणजे बाटलीला माप लागू नये. धार हलायची. अर्धं तेल तुझ्या मनगटावर. "शिवू नको वं, शिवू नको," म्हणत तो ओतायचा. तू घरी येऊन ते मनगट मायच्या डोक्याला पुसायचीस, वाया जाऊ नये म्हणून.

"तवापासून मले तेलाचा राग हाय," तू म्हणालीस आणि पुन्हा चुना हातात घेतलास. घासता घासता म्हणालीस, "चाल, सौदा करू. ज्या दिवशी तू ह्या शेडमंधी उभी राहून कोणाले 'शिवू नका' म्हणशीन, त्या दिवशी मी तुहा आंगठा काढून देतो. निकेल चढवून, चमकवून, तुह्या घरी आणून देतो."

"मी मरेन पण म्हणणार नाही."

"मंग टांगलेला राहू दे."

असा तो आंगठा टांगलेला राहिला. आपण दोघीही बाच्या लेकी.

माझ्या बाजूचंही थोडं सांगते, नाही तर वाचणाऱ्यांना वाटेल मी नुसती आंगठा देणारी होते. एकदा तुझ्या हौदातून सगळी कामं सुईनं टोचल्यासारखी बारीक खड्ड्यांची निघायला लागली. तू पाणी गाळलंस, हौदातल्या निकेलच्या पट्ट्या धुतल्यास, शेजारणीच्या नजरेला दोष दिलास. मी शाळेतून लिटमसचे कागद आणले, बोरिक पावडर किती ते मोजून घातली, तारा हलवत ठेवायला सांगितलं. खड्डे गेले. तोंडावर तू मला शाबासकी दिली नाहीस, "होणारच होतं" म्हणालीस. पण पुढच्या आठवड्यात मी दाराशी पोहोचले तेव्हा तू आत कुणाला तरी सांगत होतीस, "दुसऱ्याच्या हौदात निस्तं निकेल हाय. माह्या हौदात बीएस्सी हाय." मी दाराबाहेरच थांबले होते. मुद्दाम, दोनदा ऐकायला मिळतं का ते बघायला. तू दोनदा म्हणालीस.

तर काल मी त्या रिकाम्या खिळ्याखाली उभी होते आणि मला तुझा खूप राग आला. सौदा असा एकटीनं मोडायचा असतो का? मी तो शब्द म्हटला नव्हता. मग तू आंगठा का काढलास?

आणि खरं सांगू, मग मी वेड्यासारखी शेडमध्ये तुझा आंगठा शोधायला लागले. तयार होऊन ठेवलेल्या कड्या, पट्ट्या, एक-एक उचलून उजेडाकडे धरली. कुठे बोट नाही, डाग नाही. असणारच नव्हतं. आयुष्यभर तू तारेनं धरलंस, चिमट्यानं धरलंस, कधी हात लागू दिला नाहीस. महालात, धंतोलीत, सदरमध्ये कितीतरी घरांत तू चमकवलेले रेडिओ आहेत, आणि एकावरही तू नाहीस. चांगलं काम म्हणजे तुझ्या हाताची खूण नसलेलं काम. माझी मात्र होती, भिंतीवर, एवढी वर्षं.

मला बँकेतला तो दिवस आठवला. चुन्यानं आणि कॉस्टिकनं तुझ्या बोटांच्या रेघाच झिजल्या होत्या. कारकून तुझा आंगठा शाईत दाबायचा आणि कागदावर नुसता काळा गोळा उठायचा. तो म्हणाला, "बाई, तुमचा आंगठा कोरा आहे." तू म्हणालीस, "तुमची शाई घासून घ्या पह्यले, तेलकट असन."

मी तिथंच बाजेवर बसून रडले. हसता हसता.

तेवढ्यात बाहेर स्कूटर थांबली. विनायकराव. प्रकाशनं आणि त्यांनी मिळून काहीतरी जड आत आणलं, चादरीत गुंडाळलेलं. चादर काढली तर माझा रेडिओ.

माझा रेडिओ विनायकरावांकडे कसा? दिवाळीच्या आधी तू म्हणाली होतीस, आवाज घोगरा झाला, दाखवून आणतो, आणि प्रकाशला पाठवून घेऊन गेली होतीस. मी मुख्याध्यापिका झाल्याच्या गडबडीत होते, विसरूनही गेले होते.

"व्हॉल्व्ह नवे टाकले," विनायकराव म्हणाले. "कापडही बदललं. बाईंनी सांगितलं होतं, तुम्हाला कळू द्यायचं नाही. 'हेडबाई झाली ना,' म्हणाल्या, 'तिचं बक्षीस. चौकट मी देतो, बाकीचं तुमी करा.'"

"पण विनायकराव, आमचा सौदा होता."

"मला माहीत आहे. सगळ्या वाडीला माहीत आहे." ते स्टुलावर बसले, त्याच, ज्यावर ते हसून कोसळले होते. "मी विचारलं त्यांना. म्हटलं, बाई, म्हणाली का शेवटी ताई तो शब्द? तर म्हणाल्या, 'कायची म्हणते! लय जिद्दी हाय. माह्यावरच गेली ना.' इतक्या अभिमानानं म्हणाल्या की मी पुढं काही विचारलं नाही."

बाई, तू हरली नव्हतीस. मी न हरल्याचा तुला आनंद झाला होता. हे तू मला सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं? पण मग मीही तुला ते दाराबाहेरचं कुठं सांगितलं.

प्रकाश दाराशी उभा होता. म्हणाला, "मावशी, हौद भंगारवाल्याले देऊन टाकू का? कळमेश्वरवरून रोज येणं मले जमणार नाही." त्याचंही खरं आहे, त्याची फॅक्टरीची नोकरी आहे. मी म्हटलं, "देऊ. पण आज नाही. आज एक काम बाकी आहे. रेक्टिफायर लाव."

त्यानं बटण दाबलं. हौदाला वीज देणारं ते यंत्र तुझ्यासारखंच, आधी कण्हलं, मग गुणगुणायला लागलं. आवाज ऐकून प्रकाश थोडा आत आला.

मी पदर खोचला. चौकट बफावर धरली, काळं गेलं, पितळ पिवळं झालं. ज्या कोपऱ्यावर माझा आंगठा होता तिथे आता काहीच नव्हतं, तू सगळं निकेल उतरवून तळापर्यंत गेली होतीस. गरम कॉस्टिकमध्ये बुडवली. चुना घेतला आणि तुझ्यासारखी घासली, कोपऱ्यातून मधे, मधून कोपऱ्यात. धुतली. उजेडाकडे धरली. एका बाजूला पाणी फाटलं. तू मागे उभी राहून "हं" म्हणालीस असं वाटलं. पुन्हा घासली. पुन्हा धुतली. या वेळी पाणी फाटलं नाही. वरून खाली, एकच अखंड पापुद्रा होऊन उतरलं.

तांब्याच्या तारेला अडकवून मी ती वर धरली. ओली, सोन्यासारखी.

विनायकराव उठून जवळ आले होते. त्यांचे डोळे भरलेले होते. "हीच का ती," म्हणाले, "बघू," आणि त्यांनी हात पुढे केला.

"शिवू नका!"

शेडचे पत्रे वाजले असतील. विनायकरावांचा हात झटक्यानं मागे गेला, थेट खिशात. प्रकाश दचकून दाराकडे बघायला लागला, जणू तू बाहेरून आलीस. चौकटीला काही झालं नव्हतं.  मग विनायकराव खिशातला हात न काढता म्हणाले, "नाही शिवत, बाई."

ते मला बाई म्हणाले. मला ते नेहमी ताई म्हणतात.

मी चौकट तेजाबात बुडवली, धुतली आणि हिरव्या पाण्यात सोडली. आणि तार हलवत राहिले, मीच सांगितलं होतं तसं.

आज रेडिओ माझ्या बैठकीत आहे. चौकट विनायकरावांनी फडक्यात धरून बसवली. कुठे पापुद्रा नाही, डाग नाही. नागपूर केंद्र लावलं की हिरवा डोळा मिटतो, आणि त्याचा उजेड चौकटीच्या कडेला पडतो. हौद अजून वाडीलाच आहे. भंगारवाला येऊन गेला, मी त्याला पुढच्या महिन्यात ये म्हटलं. पुढच्या महिन्यात काय म्हणेन ते माहीत नाही.

शब्दाबद्दल माझं मत बदललेलं नाही, हे ध्यानात ठेव. पण सौदा सौदा असतो. फक्त क्रम उलटा झाला, बाई. आधी तू आंगठा काढलास, मग मी शब्द म्हटला. तेवढं चालवून घे.